कंस नसताना

मासळीच्या कारखान्यावरची खोली, मंगळवार, रात्रीचे आठ.
मी फळ्यावर लिहिते: दोन अधिक तीन गुणिले चार.
खाली बर्फाचं यंत्र घरघरतंय.
या गावात खडूलाही कॉडचा वास येतो.

वीस, म्हणते बोगुमिवा.
त्रेपन्न वर्षांची, बोटांवर सुरीचे जुने पांढरे वण.
चौदा, म्हणतो स्टेइनार,
जो शाळेत काही विचारलं की खिडकीबाहेरचा फ्योर्द बघत बसायचा.
रोदेल वहीत दोन्ही लिहितो,
मधे एक प्रश्नचिन्ह.

"दोन आधी आला," बोगुमिवा म्हणते
तिच्या तुटक आइसलँडिकमध्ये.
"अकरा वर्षांची होते तेव्हा ग्दिनियात मांसाच्या रांगेत
पहाटे चारला उभी राहायचे.
आधी येणं म्हणजे काय, ते मला शिकवू नका.
आणि हा गुणाकार मागून येणार,
दोनला कोपरानं ढकलणार, म्हणणार, थांब जरा?"

मी म्हटलं, नियम आहे.
ती हसली.
असलं हसू मी याआधी फक्त माझ्या आईच्या तोंडावर पाहिलं होतं,
बँकेतून परतल्यावर.

घरी जाताना बर्फावर पाय घसरता घसरता
मला पेट्या आठवल्या.

पुढच्या मंगळवारी म्हटलं:
हातात दोन सुटे मासे. शेजारी तीन पेट्या, एकेकीत चार.
किती मासे?
"चौदा," ती म्हणाली, विचार न करता,
आणि मग विचार करून गप्प झाली.
गुणाकार घुसत नाही, बोगुमिवा. तो बांधलेली बेरीज आहे.
दोऱ्या सोडल्याशिवाय
आत किती आहेत ते कळत नाही.
"हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली.
खरंच आधी सांगायचं होतं.

जानेवारीत एकदा फोनवर तापमान वजा तीन.
स्टेइनारनं त्याचा वर्ग केला, उगाच, चाळा म्हणून.
नऊ की वजा नऊ, यावर अर्धा तास गेला, कॉफी गार झाली.
शेवटी मी सांगितलं,
कंस नसेल तर वजा वर्गात येत नाही,
दाराबाहेरच उभा राहतो.
रोदेलनं वळून दाराकडे पाहिलं.
तिथे आमचे ओले कोट होते.

फेब्रुवारीत बोगुमिवानं सूचनाफलकावरचा कागद
टाचण्यांसकट उपटून आणला.
मूळ दर अधिक रात्रभत्ता गुणिले तास.
"सोडवा. तुमच्या नियमानं."
दोन हजार चारशे अधिक सातशे गुणिले चाळीस.
मी सोडवलं.
तीस हजार चारशे.
"आणि मला मिळतात एक लाख चोवीस हजार," ती म्हणाली,
"म्हणजे मुकादम माझ्यासारखा वाचतो.
डावीकडून. रांगेतल्यासारखा.
उद्या तो गेला आणि तुमच्याकडून शिकलेला कुणी आला, तर?"

खाली यंत्र थांबलं होतं. खूप शांत झालं.
एवढी वर्षं मी बरोबर उत्तरांच्या बाजूनं उभी राहिले,
आणि आज बरोबर उत्तर
एका बाईचे त्र्याण्णव हजार सहाशे खात होतं.

मुकादम म्हणाला, कळतं की सगळ्यांना.
"मलाही कळायचं," ती म्हणाली, "तेव्हा माझं उत्तर वीस यायचं."

मग तिनं स्वतःच कंस काढले.
पहिला बारीक, जपून,
मूळ दराच्या आधी, कागदाच्या कडेला लागून.
दुसरा भत्त्यामागे, चांगला पोटाळलेला,
गुणिलेच्या एका पायावर चढलेला.
पेट्यांवर वजन लिहायच्या निळ्या शाईनं.
ती शाई मिठाच्या पाण्यानंही जात नाही.